ना. वि. ज. यांची गोष्ट

मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत 1974 साली नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची कथा आली. नाव होतं ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की हे जगताप मुळात नाहीतच. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. परिषदेतली मंडळी आपलं अक्षर ओळखतील म्हणून त्यांनी कथेची प्रत पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. कथेची सुरुवात झाली होती अहमदाबादच्या एका परिषदेत, वक्ता कंटाळवाणा निघाला म्हणून. त्या अनाम वक्त्याचे मराठी वाचकांवर मोठेच उपकार आहेत.

आवडत्या जुन्या विज्ञानकथा कोणत्या, असं मराठी माणसाला विचारलं की व्हर्न, वेल्स, असिमॉव्ह ही नावं येतात. पण त्यांच्या आधी किंवा लगेच मागून नारळीकर येतात. असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कृष्णाजी नारायण आठल्ये 1886 पासून कोचीनहून ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक चालवत. कोचीनहून मराठी मासिक, हेच आज विज्ञानकथेसारखं वाटतं. या मासिकात 1900च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रावरच्या प्रवासाची कादंबरी मराठीत आली. पुढच्या पंधरा वर्षांतच श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा आली. अभ्यासक मराठी विज्ञानकथेची सुरुवात साधारण इथून मोजतात. नंतर बराच काळ तुरळक लेखन होत राहिलं, त्याची परंपरा काही झाली नाही.

व्हर्न खऱ्या अर्थाने मराठी झाला तो भा. रा. भागवतांच्या हातून. फास्टर फेणेचे म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची पुस्तकं वाचून मोठी झालेली एक अख्खी पिढी आहे. शेंडेनक्षत्र हा शब्दच बघा. शाळेच्या पुस्तकात असतो तो धूमकेतू. गावाकडच्या आजीच्या तोंडी मात्र शेंडी असलेलं नक्षत्र, म्हणून शेंडेनक्षत्र. भागवतांनी आजीचा शब्द उचलला आणि त्याच्या आधी ‘मुक्काम’ लावून पत्त्यासारखा करून टाकला. मग तिथे जाणं म्हणजे मामाच्या गावाला जाण्याइतकं सोपं. पुढे अनेकांनी अचूक अनुवाद केले, पण हा घरगुतीपणा त्यांत क्वचितच सापडतो.

मोठ्यांसाठी जागा होती ती मासिकं आणि दिवाळी अंकांत. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’मध्ये गूढ, भयकथा आणि विज्ञानकथा शेजारीशेजारी बसत. नारायण धारपांना आपण भयकथेचे लेखक समजतो, पण त्यांनीही विज्ञानकथा भरपूर लिहिल्या. या शेजारामुळे एक गोंधळही झाला. परग्रहावरचा प्राणी आणि वाड्यातलं भूत यांत फरक काय, हे बऱ्याच वाचकांना आणि काही संपादकांनाही फारसं स्पष्ट नव्हतं.

तो फरक मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेमुळे ठळक झाला. परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली, मातृभाषेतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी. साहजिकच तिच्या स्पर्धेतल्या कथेकडून अपेक्षा होती की गोष्ट संपेपर्यंत वाचकाला थोडं विज्ञान कळावं. त्यातच केंब्रिजहून परतून दोनच वर्षं झालेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले नारळीकर लिहिते झाले. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः कादंबरीकार. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ 1957 मधली. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं कमीपणाचं नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिलेलं होतं.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. कागदाची लांब पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं चिकटवायची, की मोबियसची पट्टी तयार होते. तिच्यावरून डाव्या पंज्याचा सपाट आकार सरकवत एक फेरी मारली तर तो परत येतो उजवा होऊन. हेच तीन मितींच्या माणसाचं झालं तर? या गणिताला नारळीकरांनी क्रिकेट जोडलं, आणि पुरावा म्हणून ठेवली गणपतीची मूर्ती. डाव्या-उजव्या सोंडेचा फरक मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, त्यामुळे शीर्षकातच अर्धं काम होतं.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ माझ्या मते याहून सरस. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून ते हा इतिहास वाचतात, आणि ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चं एक पान खिशात राहून जातं. परत आल्यावर मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्र, समजावतो. इथे मात्र ते व्याख्यान खटकत नाही, कारण गंगाधरपंतांइतकीच आपल्यालाही त्याची निकड असते.

सगळ्यांना हे जमलं नाही. दिवाळी अंकांतल्या कितीतरी कथांत एक शास्त्रज्ञ, एक भाबडा मित्र आणि चार पानांचं स्पष्टीकरण एवढंच हाती लागतं. त्या चाकोरीबाहेर जाणारे म्हणून मला लक्ष्मण लोंढे महत्त्वाचे वाटतात. ते बँकेत नोकरी करणारे होते, आणि त्यांच्या कथेत आधी माणूस दिसतो, मग शोध. चिंतामणी देशमुखांबरोबर त्यांनी लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ आजही वाचावी. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी आपापल्या वाटा काढल्या. फोंडक्यांनी संपादित केलेल्या भारतीय विज्ञानकथांच्या इंग्रजी संग्रहामुळे 1993 साली यातली काही नावं महाराष्ट्राबाहेरही पोचली.

गंगाधरपंतांच्या कथेत एक गंमत आहे. त्या पर्यायी मुंबईत आझाद मैदानावर सभा चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. तिथल्या लोकांनी अध्यक्ष हा प्रकारच बंद केलेला असतो, त्यामुळे त्यांच्यावर टोमॅटो आणि अंड्यांचा मारा होतो. पुढे 2021 साली नाशिकच्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आलं. प्रकृतीमुळे ते संमेलनाला जाऊ शकले नाहीत.