प्रोग्रामचा स्वतःचा पत्ता

चालू असलेला प्रोग्राम डिस्कवरच्या नेमक्या कोणत्या फाइलमधून सुरू झाला, हे त्याच्याच कोडमधून शोधणे. शेजारी ठेवलेली सेटिंगची किंवा दरांची फाइल उघडायला हा पत्ता लागतो.

गल्लत होते ती बहुतेक वेळा चालू फोल्डरशी. प्रोग्राम ठेवलेला फोल्डर वेगळा, तो सुरू होताना ज्या फोल्डरात उभा असतो तो वेगळा. सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याचे बिलिंग घ्या. डी ड्राइव्हवर 'चादर बिल' फोल्डर, त्यात प्रोग्राम आणि टॉवेल-चादरींच्या दरांची फाइल. डबल क्लिक केले की बिल निघते. तोच प्रोग्राम रात्री आपोआप चालावा म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावला आणि 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडला, की चालू फोल्डर होतो 'सिस्टम३२'. तिथे चादरीचे दर कुठून सापडणार!

सी भाषेत 'आर्गव्ही'चा, म्हणजे सुरू होताना प्रोग्रामच्या हाती येणाऱ्या शब्दांच्या यादीचा, शून्यावा घटक वापरायचा मोह होतो. पण त्यात काय भरायचे हे प्रोग्राम सुरू करणारा ठरवतो. कधी नुसते नाव येते, कधी अर्धा पत्ता, कधी भलतेच काही. खात्रीचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमकडेच मागावे. लिनक्सवर '/प्रॉक/सेल्फ/एक्झी' ही लिंक 'रीडलिंक'ने वाचतात. शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट मात्र आपणच लावायचा. प्रोग्राम चालू असताना मूळ फाइल पुसली गेली, तर याच पत्त्याच्या शेपटाला कंसात 'डिलीटेड' चिकटून येते. मॅकवर '_एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथ' आहे.

विंडोजवर 'गेटमॉड्यूलफाइलनेम'. पत्ता भरून घ्यायची जागा, म्हणजे बफर, २६० अक्षरांचा धरायची जुनी सवय आहे. पत्ता त्याहून लांब निघाला तर कापून मिळतो, म्हणून परत आलेली लांबी तपासावी. या फंक्शनची 'ए' (जुन्या अक्षरसंचाचे) आणि 'डब्ल्यू' (युनिकोडचे) अशी दोन रूपे आहेत. फोल्डरचे नाव देवनागरीत असेल तर 'ए' रूपात 'चादर'च्या जागी बहुधा प्रश्नचिन्हांची रांग हाती येते आणि त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. आपल्याकडे 'डब्ल्यू'च वापरावे.

पायथनमध्ये '__फाइल__' स्क्रिप्टचा पत्ता देते, तर 'सिस.एक्झिक्युटेबल' एरवी इंटरप्रिटरचा, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या पायथनचा. स्क्रिप्टचा स्वतंत्र प्रोग्राम बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरने एकाच फाइलचे पॅकेज केले की '__फाइल__' तात्पुरत्या फोल्डरात बोट दाखवते, तिथे 'सिस.एक्झिक्युटेबल'च कामाचे. गो भाषेत १.८ आवृत्तीपासून 'ओएस.एक्झिक्युटेबल' आहे.