वातानुकूलन जोडणीतील साहित्याचे अंदाजपत्रक (बेळगाव सीमाभाग)

इमारतीत थंडाव्याची किंवा गरम पाण्याची यंत्रणा बसवण्याआधी लागणारे साहित्य मोजून त्याची किंमत काढण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडचे मराठी मिस्त्री तिला नुसते ‘एस्टिमेट’ म्हणतात.

सुरुवात टनापासून होते. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. खोलीचे चौरस फूट पाहून टन सांगण्याची सवय सर्रास आहे, पण या पट्ट्यात ती फसवी ठरते. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर, म्हणून तुलनेने थंड. खानापूरच्या घाटाकडे दमट हवा आणि मुसळधार पाऊस, तर अथणीकडे कोरडा उन्हाळा. त्यात पत्र्याचे छत किंवा पश्चिमेची उघडी भिंत असली की हिशेब बदलतो. खोली गरम करण्याची यंत्रणा क्वचितच लागते. तापवण्याचे काम बहुधा गिझर किंवा सोलरपुरते असते. खानापूरकडे पावसाळ्यासाठी सोलर टाकीत विजेची कॉइल आणि तिची वायरिंग धरावी लागते.

यंत्राची किंमत दुकानदार सांगतोच. अंदाज चुकतो तो तांब्यात. लहान स्प्लिट एसीला साधारण दोन सुती (पाव इंची) आणि चार सुती (अर्धा इंची) अशी तांब्याच्या पाइपची जोडी लागते. नळीची जाडी ०.८ मिलिमीटर धरली, तर या जोडीचे वजन मीटरला सुमारे ०.३९ किलो भरते. आउटडोअर युनिट गच्चीवर गेले आणि अंतर १५ मीटर झाले, की जवळपास ६ किलो तांबे झाले. यंत्रासोबत आलेला पाइप त्यातून वजा करायचा. वाढीव लांबीचा गॅस, इन्सुलेशन, ड्रेन पाइप आणि स्टँड मात्र वेगळे धरायचे. तांब्याचा भाव लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या जागतिक बाजाराच्या मागे हलतो, म्हणून शहाणा कंत्राटदार कोटेशनवर मुदत लिहितो.

डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या पोकळ मार्गाचा, पत्रा क्षेत्रफळावर मोजतात. ६०० × ३०० मिलिमीटरच्या डक्टचा घेर १.८ मीटर, १० मीटर लांबीला १८ चौरस मीटर. पत्रा ०.६३ मिलिमीटर जाडीचा असेल तर वजन ९० किलोच्या आसपास. बेंड (वळणे), फ्लँज (जोडाच्या कडा) आणि कापातली नासाडी यावर वाढते.

खरा सीमाभागी गुंता खरेदीत आहे. कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटरवर, तेव्हा तिथला भाव विचारला जातोच. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माल कर्नाटकातला असो वा महाराष्ट्रातून मागवलेला, एकूण दर तोच. राज्याबाहेरून मागवल्यास सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी (केंद्र आणि राज्याचे वेगवेगळे भाग) आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा एकत्रित कर) लागतो, एवढेच. पण बिलावर कंत्राटदाराचा जीएसटी क्रमांक नसेल तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि कोल्हापूरचा स्वस्त भाव महाग पडतो. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागते. गाडीभाडेही त्याच ओळीत लिहावे.