नौकेवर किती जण झोपतील? जुनी क्रूझिंग यॉट पाहण्यास येणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे विक्रीस असलेल्या जुन्या शिडाच्या नौकांविषयी दूरध्वनीवरून चौकशी करणारे बहुतेक ग्राहक पहिल्या काही मिनिटांतच दोन प्रश्न विचारतात. नौका किती फुटी आहे, हा पहिला. आणि तिच्यात किती जण झोपू शकतात, हा दुसरा. दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत आणि दोहोंची उत्तरे आम्ही देतोही. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या अर्थाने घेतले जाते, त्यामुळे आमचा आणि ग्राहकांचा बराच वेळ वाया जातो, असा अनेक हंगामांचा अनुभव असल्याने हे पत्रक छापले आहे. पाहणीची वेळ ठरवण्यापूर्वी ते एकदा शांतपणे वाचावे, ही विनंती.

उदाहरणासाठी सध्या आमच्याकडे असलेली 34 फुटी स्लूप घेऊ. फायबरग्लासची ही नौका 1998 साली फ्रान्समध्ये बांधलेली आहे. तिला एक डोलकाठी, एक मेनसेल (मुख्य शीड) आणि पुढे फर्लरवर, म्हणजे फिरत्या नळीवर, गुंडाळले जाणारे जिनोआ (पुढचे मोठे शीड) आहे. रुंदी 3.4 मीटर आणि ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारी खोली, 1.75 मीटर आहे. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, त्यामुळे ड्राफ्टचा आकडा लांबीपेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. केबिनमध्ये 1.85 मीटर उंचीचा माणूस सरळ उभा राहू शकतो. पुढच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा दोघांचा बिछाना, मधल्या दालनात जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन लांब बाके, जिन्याखालून मागे सरकत गेलेली दोघांची केबिन, डाव्या हाताला स्वयंपाकाची जागा आणि उजव्या हाताला नकाशांचे टेबल व शौचालय अशी तिची मांडणी आहे. कागदावर हे सहा बर्थ होतात, आणि जाहिरातीत आम्हीही ‘सहा बर्थ’ असेच लिहितो, कारण सर्वत्र मोजण्याची पद्धत तीच आहे.

अडचण इथूनच सुरू होते. बर्थ हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे परिचित आहे, आणि रेल्वेत सहा बर्थ म्हणजे रात्रभर झोपून जाणारे सहा प्रवासी, हे गणित बरोबरही आहे. शिडाच्या नौकेवर बर्थची संख्या नांगर टाकून शांत पाण्यात उभ्या असलेल्या स्थितीसाठी सांगितलेली असते. नौका चालू असताना, विशेषतः वारा अंगावर घेऊन, त्या सहांपैकी जेमतेम तीन बर्थ झोपण्याच्या उपयोगाचे राहतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्रात नौका आपल्या मध्याभोवती पाळण्यासारखी वरखाली होते. मध्यावर बसलेल्याला ही हालचाल कमी जाणवते आणि टोकाला असलेल्याला सर्वांत जास्त. त्यामुळे बंदरात सर्वांत आरामशीर वाटणारी पुढची केबिन, जिच्या छपरातून आकाश दिसते आणि जी पाहून घरातील मुले लगेच आपला हक्क सांगतात, ती लाटांना सामोरे जाताना झोपण्यास पूर्णपणे निरुपयोगी ठरते. तिथे आडवा झालेला माणूस प्रत्येक लाटेला बिछान्यावरून उचलला जाऊन पुन्हा आपटतो. मधल्या दालनातील दोन बाके दिसायला अरुंद असली तरी समुद्रातील खरी झोप तिथेच लागते. मात्र नौका एका बाजूला कललेली असल्याने वरच्या बाजूचा माणूस खाली घरंगळू नये, यासाठी बाकाच्या कडेला जाड कापडाचा पडदा वर ताणून बांधावा लागतो. त्याला ली-क्लॉथ म्हणतात. आमच्या नौकेवर दोन्ही बाकांना ली-क्लॉथ नव्याने शिवून घेतलेले आहेत. मागच्या केबिनमध्ये एक जण नीट झोपतो. दोघे झोपले तर कलत्या नौकेत एक दुसऱ्यावर जातो.

मुंबईहून गोवा समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल आहे. ताशी पाच मैलांच्या वेगाने पंचेचाळीस तास, म्हणजे दोन रात्री धराव्यात. हंगामात दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो, रात्री उशिरा किनाऱ्यावरून मतलई सुटते. त्यामुळे जाताना वारा पाठीशी किंवा कुशीला राहतो आणि प्रवास सुखाचा होतो. परतताना तोच वायव्य वारा थेट तोंडावर असतो. जाताना पुढच्या केबिनमध्ये झोपलेली मंडळी येताना सगळीच्या सगळी मधल्या दालनात जागा शोधू लागतात, ती याच कारणाने.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाच्या बाबतीत घडलेला प्रकार सांगतो, कारण तो एकट्या त्यांच्या बाबतीत घडलेला नाही. सहा जण पाहणीला आले, सहाही जण एकेका बर्थवर आडवे होऊन पाहिले, सर्वांना नौका पसंत पडली. बयाणा झाला, नौका पाण्याबाहेर काढून सर्व्हेयरकडून तपासून घेतली, तिचा तळ खरवडून झाला, आणि अखेर सागरी चाचणीसाठी आम्ही मुंबईच्या प्राँग्स दीपगृहाच्या बाहेर गेलो. दुपारचा वारा भरात आला, तेव्हा त्यांच्यापैकी दोघांनी पुढच्या केबिनमध्ये पडून पाहिले आणि दहा मिनिटांत ते बाहेर आले. त्यांना सहा जणांनी मिळून गोव्याला जायचे होते, हे त्या क्षणी प्रथमच आमच्या कानावर आले. व्यवहार मोडला. तीन आठवडे गेले, नौका वर काढण्याचा आणि सर्व्हेचा खर्च त्यांना सोसावा लागला, आणि दरम्यान दुसरा ग्राहक आम्ही थांबवून ठेवला होता, तोही गेला. चूक कोणाची हे ठरवण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी आम्हीही विचारायला हवे होते, हे आम्ही मान्य करतो.

म्हणून आता पाहणीपूर्वी आम्ही एक प्रश्न लेखी विचारतो: आपल्यापैकी किती जण रात्रभर चालत्या नौकेवर असणार आहेत? काही ग्राहकांना ही चौकशी अनावश्यक वाटते, क्वचित अपमानास्पदही वाटते. आमचा हेतू एवढाच की योग्य नौकाच दाखवावी. या 34 फुटी नौकेबाबत आमचे प्रामाणिक मत असे आहे की रात्रीच्या प्रवासाला चार जण, दोघे पहाऱ्यावर आणि दोघे झोपेत. नांगरावर मुक्कामाला सहा. आणि दिवसभराच्या फेरीला आठ, अर्थात नोंदणीपत्रात लिहिलेल्या क्षमतेच्या मर्यादेत आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट असेल तरच. मापाची कल्पना येण्यासाठी नौदलाच्या ‘तारिणी’चे उदाहरण द्यावेसे वाटते. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या त्या नौकेतून सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती नौका 56 फुटी आहे. आपले कुटुंब सहा जणांचे असेल आणि सर्वांनाच लांब जायचे असेल, तर आम्ही 42 फुटांच्या आसपासची नौका येईपर्यंत थांबण्याचा सल्ला देतो, त्यात आमचे तात्कालिक नुकसान असले तरी.

फुटाला काय भाव, असेही विचारले जाते. लांबीच्या हिशेबाने जुन्या नौकेची किंमत काढता येत नाही. लांबी थोडी वाढली की वजन, शिडांचे क्षेत्रफळ, नांगराचा आकार आणि देखभालीचा खर्च त्यापेक्षा कितीतरी अधिक वाढतो. आणि जुन्या नौकेत किंमत ठरते ती प्रामुख्याने सामग्रीच्या वयावर.

सामग्रीची आमची यादी इतर विक्रेत्यांच्या यादीपेक्षा लांब आणि काहीशी निराशाजनक वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक वस्तूपुढे ती बसवल्याचे वर्ष आणि शेवटची चालवून पाहिल्याची तारीख लिहिलेली असते, आणि जी वस्तू बंद आहे तिच्यापुढे ‘बंद’ असे स्पष्ट लिहिलेले असते. या नौकेवरील चार्टप्लॉटर, म्हणजे पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारे यंत्र, 2009 चा आहे. तो चालतो, पण त्याची आम्ही किंमत धरलेली नाही. उलट डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा 2019 साली बदललेल्या आहेत, आणि खरी किंमत तिथे आहे. या तारांना दहा ते पंधरा वर्षे झाली की विमा कंपन्या त्या बदलण्यास सांगू लागतात, आणि आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत खालच्या टोकाच्या जोडांत बारीक भेगा पडतात, त्या भिंगाशिवाय दिसतही नाहीत. मेनसेल 2020 चे आहे. जिनोआ त्याहून जुने असून त्याच्या कडेची ऊन रोखणारी पट्टी विरली आहे. ती नव्याने शिवून घ्यावी लागेल, हे आम्ही आधीच सांगतो.

तळातून पाणी आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे सीकॉक, ग्राहक सहसा पाहतच नाहीत. झडप ब्राँझची आहे की साध्या पितळेची, हे विचारावे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते, धातू गुलाबी दिसू लागतो आणि एक दिवस हातात तुटतो. या नौकेच्या सर्व झडपा आम्ही ब्राँझच्या बसवल्या आहेत आणि झडप तुटल्यास भोक बुजवण्यासाठी प्रत्येकीजवळ निमुळता लाकडी गुट्टा बांधून ठेवला आहे.

पाण्याची टाकी 300 लिटरची आहे. विजेसाठी 220 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत, पण त्यांतील निम्मीच वीज वापरावी, अन्यथा त्या लवकर निकामी होतात. आपल्या हवेत लहान फ्रिजच दिवसाला 50 ते 60 अँपिअर-तास खातो. म्हणून एअर कंडिशनर का नाही, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतच आहे: किनाऱ्यावरची वीज किंवा जनरेटर नसेल तर तो चालणार नाही. चार पंखे आणि छपरावरची दोन सौर पॅनेले आहेत, आणि रात्री पुढच्या केबिनच्या छपरातील खिडकी उघडी ठेवून नांगरावर उभे राहिल्यास वारा पुढून थेट आत येतो.

गॅसविषयी मात्र आमचे म्हणणे सक्तीचे समजावे. घरचा सिलिंडर केबिनमध्ये नेऊन ठेवण्याची सवय आम्ही अनेकदा पाहिली आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो दारे-खिडक्यांतून निघून जाऊ शकतो. नौकेत तो तळाशी साचतो आणि एखाद्या पंपाच्या ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर कॉकपिटमधील, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतील, स्वतंत्र, बाहेर निचरा असलेल्या कप्प्यातच असला पाहिजे. या नौकेच्या कप्प्यात 5 किलोचा सिलिंडर बसतो, 14.2 किलोचा बसत नाही, आणि तो बसावा म्हणून कप्पा कापून देण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही.

परदेशातून आलेल्या नौकांच्या सामग्रीत आणखी दोन वस्तू विचारात घ्याव्या लागतात. संकटकाळी उपग्रहाला संदेश पाठवणारे ईपर्ब हे यंत्र ज्या देशाच्या संकेतांकाने नोंदलेले असते, त्या देशाच्या यंत्रणेकडे आधी विचारणा जाते. म्हणून ते 419 या भारताच्या संकेतांकाने पुन्हा नोंदवून घ्यावे लागते. हे काम आम्ही करून देतो. दुसरी वस्तू सॅटेलाइट फोन. थुराया किंवा इरिडियमचा फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे असा फोन यादीत असला तरी आम्ही तो नौकेसोबत देत नाही, आणि त्याबद्दल किमतीत सवलतही देत नाही. संकटसूचक फटाके मुदत संपलेले असतील तर ते मोजू नयेत. लाइफराफ्टच्या शेवटच्या तपासणीचे प्रमाणपत्र पाहूनच तिची किंमत करावी.

इंजिन 29 अश्वशक्तीचे डिझेल असून ताशी साडेपाच मैलांच्या वेगाला तासाला सुमारे तीन लिटर इंधन घेते. 90 लिटरच्या टाकीत शांत पाण्यात दीडशे मैलांहून थोडे अधिक जाता येते. पाहणीच्या दिवशी आम्ही इंजिन आधी गरम करून ठेवत नाही. ग्राहकासमोर थंड इंजिन सुरू करणे हीच त्याची खरी परीक्षा आहे, आणि सुरुवातीला थोडा पांढरा धूर दिसल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. तो काही मिनिटांत निवळला पाहिजे, एवढे पाहावे. सर्व्हेयर ग्राहकाने स्वतः निवडावा, असा आमचा आग्रह असतो. आम्ही नाव सुचवत नाही, कारण सुचवलेल्या सर्व्हेयरवर पुढे शंका घेतली जाते आणि त्यात त्याचाही दोष नसतो.

नौका मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरावर असते आणि तिच्यापर्यंत डिंगीने, म्हणजे लहान होडीने, जावे लागते. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो, ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून पाहणीची वेळ भरतीच्या आगेमागे दीड तासातच दिली जाते. उशीर झाल्यास दिवस बदलावा लागतो. पाहणीसाठी आकारले जाणारे शुल्क व्यवहार झाल्यास किमतीतून वजा होते. पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे अखेरीस, नौका पाण्याबाहेर काढली जाते, आणि ज्यांना तिचा तळ, सुकाणू व कीलचे (तळाखालच्या वजनदार पात्याचे) बोल्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहेत त्यांच्यासाठी जूनचे पहिले पंधरा दिवस सर्वांत सोयीचे असतात. सागरी चाचणी मात्र ऑक्टोबरपूर्वी होणार नाही. येताना पांढऱ्या रबरी तळाचे बूट, आयातीच्या कागदपत्रांची नक्कल हवी असल्यास ओळखपत्र, आणि वर विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर सोबत आणावे.