धामण गाईचं दूध पीत नाही

धामण गोठ्यात शिरते, गाईच्या पायांना वेटोळं घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते, असं कोकणात अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. दूध ओढून घेता येईल असे ओठच सापाला नसतात. त्याचे दात आत वळलेले. ते सडात रुतले तर गाय क्षणभर उभी राहणार नाही. दूध अचानक आटलं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना कास दाखवा. (धामण म्हणजे नागाची मादी, हीसुद्धा थापच. ती वेगळी जात आहे, बिनविषारी.)

ती येते उंदरांसाठी. सिंधुदुर्गात उंदीर म्हणजे नुसती भाताची नासाडी नव्हे. त्यांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू खाचरातल्या पाण्यात उतरतात आणि लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जातो. अशा मुलखात उंदीर खाणारं जनावर काठीने ठेचलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मारायला मनाईच आहे. दिसली तर वाट मोकळी सोडा.