साउथ कॅरोलिनाचं विधिमंडळ, १८६८ ते १८७७: बहुमत कसं आलं आणि कसं गेलं

जुलै १८६८ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्याचं नवं विधिमंडळ कोलंबिया शहरात भरलं, तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या १२४ सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांतले बरेच जण तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने कुणाच्या तरी मालकीचे होते. अमेरिकेत याआधी असं कुठेच घडलं नव्हतं आणि त्या शतकात दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या सभागृहात पुन्हा घडलं नाही. पक्षांच्या हिशेबात पाहिलं तर दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचं प्रचंड बहुमत होतं आणि डेमोक्रॅट मूठभर. पण नुसत्या जागा मोजून या विधिमंडळाबद्दल फारसं काही कळत नाही. त्या जागा कुणाच्या मतांवर आल्या आणि ती मतं पुढे कशी हिरावली गेली, हे पाहावं लागतं.

आजच्या अमेरिकी राजकारणाची सवय असलेल्या वाचकाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष हा लिंकनचा, गुलामगिरी संपवणारा पक्ष होता. दक्षिणेतले जुने गुलाममालक आणि त्यांच्यामागे उभा असलेला गोरा समाज डेमोक्रॅटिक पक्षात होता.

उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धाआधीच्या साउथ कॅरोलिनात तर पक्ष म्हणावेत असे पक्ष रुजलेच नव्हते. सत्ता जमीनदारांची होती आणि ती विधिमंडळातूनच चालायची. १७९० च्या घटनेनुसार प्रतिनिधीगृहात बसायचं तर ५०० एकर जमीन आणि दहा गुलाम, किंवा १५० पौंड किमतीची स्थावर मालमत्ता नावावर असावी लागे. १८०८ पासून १२४ जागांची वाटणी निम्मी गोऱ्या लोकसंख्येवर आणि निम्मी भरलेल्या करावर होऊ लागली. साहजिकच तांदूळ पिकवणाऱ्या श्रीमंत किनारपट्टीचं पारडं जड राहिलं. गव्हर्नर विधिमंडळच निवडत असे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही १८६० पर्यंत लोकांना मत नव्हतं, राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे निर्वाचक विधिमंडळ ठरवायचं. अशी पद्धत तोवर देशात इतर कुठेच उरली नव्हती. त्या वर्षीच्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७,०३,७०८ भरली, पैकी ४,०२,४०६ माणसं गुलाम होती. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्स्टनमध्ये राज्याच्या परिषदेने संघराज्यातून फुटण्याचा ठराव १६९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. एकही विरोधी मत पडलं नाही, कारण विरोध करू शकणारी बहुसंख्य जनता त्या सभागृहाच्या हिशेबातच नव्हती.

युद्ध हरल्यावरही जुन्या मंडळींना वाटत होतं की गुलामगिरी गेली तरी बाकी सगळं तसंच ठेवता येईल. १८६५ च्या अखेरीस फक्त गोऱ्यांनी निवडलेल्या विधिमंडळाने ‘ब्लॅक कोड’ म्हणून ओळखले जाणारे कायदे केले. शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा कुठलाही धंदा करायचा तर कृष्णवर्णीय माणसाने कोर्टाकडून परवाना घ्यायचा आणि त्यासाठी फी भरायची. मजुरीच्या करारात कामावर ठेवणाऱ्याला ‘मालक’ म्हणायचं. १८६६ च्या डिसेंबरात याच विधिमंडळाने समान नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती फेटाळली. वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसचा, म्हणजे देशाच्या संसदेचा, संयम तिथे संपला. मार्च १८६७ च्या कायद्याने दक्षिणेची राज्यं लष्करी देखरेखीखाली आली आणि मुक्त झालेल्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. साउथ कॅरोलिनात मतदार नोंदणी झाली तेव्हा यादीत सुमारे ८० हजार कृष्णवर्णीय आणि ४७ हजार गोरे होते. पुढच्या नऊ वर्षांचं राजकारण या दोन आकड्यांवर उभं राहिलं.

जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्स्टनला घटना परिषद बसली. मालमत्तेची अट गेली, कर्जापायी तुरुंगवास बंद झाला, घटस्फोटाला राज्यात पहिल्यांदाच परवानगी मिळाली आणि सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद झाली. विल्यम व्हिपर या कृष्णवर्णीय वकिलाने स्त्रियांनाही मत द्यावं असा आग्रह धरला. परिषदेने तो मानला नाही. पुढच्याच वर्षी लुइसा रोलिन या कृष्णवर्णीय तरुणीने थेट प्रतिनिधीगृहात उभं राहून तीच मागणी केली. नवं विधिमंडळ जुलैत भरलं आणि काही दिवसांतच त्याने चौदावी घटनादुरुस्ती मंजूर केली.

या बहुमतातली माणसं एका साच्यातली नव्हती. फ्रान्सिस कार्डोझो हे चार्ल्स्टनमधल्या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीचे आणि ज्यू वडिलांचे पुत्र, ग्लासगो विद्यापीठात शिकलेले. ते राज्याचे सचिव आणि पुढे खजिनदार झाले. रॉबर्ट स्मॉल्स गुलाम म्हणून जन्मले. मे १८६२ मध्ये दक्षिणेच्या लष्कराचं ‘प्लँटर’ हे जहाज त्यांनी पहाटेच्या अंधारात, बायकामुलांसह, चार्ल्स्टनच्या तोफांखालून उत्तरेच्या आरमाराकडे नेलं. तेच स्मॉल्स आधी राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि मग राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या सभागृहात, बसले. रिचर्ड केन धर्मोपदेशक होते, रॉबर्ट एलियट वकील. जोडीला उत्तरेतून आलेले गोरे होते आणि पक्ष बदललेले स्थानिक गोरेही. पहिले गव्हर्नर रॉबर्ट स्कॉट हे ओहायोचे सेनानी. पहिले सभापती फ्रँकलिन मोझेस (धाकटे) हे मात्र इथल्याच प्रतिष्ठित घरातले, आणि त्यांचे वडील राज्याचे सरन्यायाधीश. सिनेटच्या ३१ जागांवर गोरे सदस्यच जास्त होते. म्हणजे ‘कृष्णवर्णीयांचं राज्य’ म्हणून ज्याची बदनामी झाली, त्यात गव्हर्नरपद एकदाही कृष्णवर्णीय माणसाकडे गेलं नाही.

हळूहळू मात्र पदं मिळत गेली. १८७० मध्ये जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश झाले. त्याच वर्षी अलोंझो रॅन्सिअर लेफ्टनंट गव्हर्नरपदी निवडून आले आणि जोसेफ रेनी देशाच्या प्रतिनिधीगृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. १८७२ मध्ये सॅम्युएल ली राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले, दोन वर्षांनी एलियट. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, तेव्हा कोलंबियात सभापतीच्या खुर्चीवर ली बसत होते. जोतीरावांच्या कृतज्ञतेला तिकडे किती ठोस आधार उभा राहत होता, हे या तारखा शेजारी ठेवल्या की जाणवतं आणि मन भरून येतं.

कामही झालं. १८७६ पर्यंत सार्वजनिक शाळांत एक लाखाहून अधिक मुलं शिकत होती, कृष्णवर्णीय आणि गोरी दोन्ही. १८६९ च्या जमीन आयोगाने मोठे मळे विकत घेऊन छोट्या तुकड्यांत, हप्त्यांवर, भूमिहीनांना दिले. असं काम हाती घेणारं दक्षिणेतलं हे एकमेव राज्य. १८७३ मध्ये राज्य सचिव हेन्री हेन यांनी राज्याच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलं. गोऱ्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले, तरी विद्यापीठ नव्या शिक्षकांसह चालू राहिलं.

भ्रष्टाचारही झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सरकारी रोख्यांत अफरातफर झाली, छपाईच्या कंत्राटांत पैसा मुरला, जमीन आयोगाने सुरुवातीला निकस जमिनी चढ्या दराने घेतल्या. गव्हर्नर झाल्यावर मोझेस यांची उधळपट्टी तर कुप्रसिद्ध होती. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट नेता विल्यम ट्वीड आणि त्याच्या टोळक्याने शहराची तिजोरी धुऊन नेली होती. ट्वीडला तुरुंगात जावं लागलं, पण त्यापायी न्यूयॉर्कच्या गोऱ्या मतदाराचं मत काढून घ्यावं असं कुणी म्हटलं नाही. साउथ कॅरोलिनात नेमकं तेच म्हटलं गेलं.

सभागृहात विरोधक मोजके असल्यामुळे खरी चुरस सत्ताधारी पक्षातच होती. १८७० मध्ये नाराज रिपब्लिकन आणि जुने गोरे पुढारी ‘युनियन रिफॉर्म’ नावाने एकत्र आले आणि हरले. १८७२ मध्ये पक्षातल्याच एका गटाने मोझेस यांच्याविरुद्ध उमेदवार दिला. १८७४ मध्ये सुधारणेचं आश्वासन देणारे डॅनियल चेंबरलेन गव्हर्नर झाले, तेही सुमारे ८० हजार विरुद्ध ६९ हजार मतांनी, आणि समोर होता स्वतंत्र रिपब्लिकन उमेदवार. चेंबरलेन यांनी खर्चाला लगाम घातला, मवाळ डेमोक्रॅटांशी जुळवून घेतलं. मग डिसेंबर १८७५ मध्ये, ते गावाला गेले असताना, त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने मोझेस आणि व्हिपर यांना न्यायाधीश म्हणून निवडलं. चेंबरलेन यांनी नेमणूकपत्रं द्यायला नकार दिला, पण तोवर तडजोडीचं राजकारण संपलं होतं. डेमोक्रॅटांमधल्या कडव्या गटाला हवी होती ती संधी मिळाली.

बंदुका तर पहिल्यापासूनच निघालेल्या होत्या. ऑक्टोबर १८६८ मध्ये राज्याच्या सिनेटचे सदस्य बेंजामिन रँडॉल्फ यांना रेल्वे स्टेशनवर दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचा उच्छाद इतका वाढला की राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नऊ परगण्यांत ‘हेबियस कॉर्पस’चा, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा, अधिकार स्थगित करून लष्कराकरवी धरपकड केली. १८७६ मध्ये हिंसा उघडपणे प्रचाराचा भाग झाली. ८ जुलैला हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियाला (नागरिकांच्या सशस्त्र दलाला) वेढून सहा जणांना मारण्यात आलं, त्यांतले बहुतेक शरण आल्यानंतर. मार्टिन गॅरी या पुढाऱ्याच्या आखणीनुसार लाल सदरे घातलेले घोडेस्वार रिपब्लिकन सभांना घेरू लागले. डेमोक्रॅटांचे उमेदवार होते माजी सेनानी वेड हॅम्प्टन.

मोजणीत हॅम्प्टन यांना ९२,२६१ आणि चेंबरलेन यांना ९१,१२७ मतं दाखवली गेली. गॅरीच्या एजफील्ड परगण्यात मात्र होते त्या मतदारांपेक्षा दोन हजारांहून जास्त मतं पडली होती. छाननी मंडळाने एजफील्ड आणि लॉरेन्स या दोन परगण्यांचे निकाल मानले नाहीत, म्हणजे आठ जागा रिकाम्या राहिल्या. २८ नोव्हेंबरला विधिमंडळ भरलं तेव्हा दारावर संघराज्याचे सैनिक होते आणि त्या आठ जणांना आत सोडलं गेलं नाही. डेमोक्रॅट बाहेर पडले आणि दुसऱ्या इमारतीत त्यांनी विल्यम वॉलेस यांना सभापती निवडलं. आत रिपब्लिकनांनी एडमंड मॅकी यांना निवडलं. वाद गणसंख्येचा, म्हणजे सभागृह भरायला लागणाऱ्या किमान सदस्यसंख्येचा, होता. आत ५९ सदस्य होते. ११६ मान्य जागा धरल्या तर हे बहुमत होतं, पण १२४ धरल्या तर ६३ हवे होते. दोन दिवसांनी डेमोक्रॅट सभागृहात घुसले. मग चार दिवस एकाच व्यासपीठावर दोन सभापती बसले, दोन्हीकडून एकाच वेळी भाषणं चालू, आणि जागा जाईल म्हणून रात्रीही कुणी उठेना. शेवटी डेमोक्रॅट निघून गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ६३ ची गणसंख्या ग्राह्य धरली आणि वॉलेस यांचं सभागृह कायदेशीर ठरवलं. डिसेंबरात दोन गव्हर्नरांचे दोन शपथविधी झाले. जमीनदार आणि व्यापारी हॅम्प्टन यांच्याकडे कर भरू लागले, चेंबरलेन यांची तिजोरी रिकामी राहिली. नवे राष्ट्राध्यक्ष हेज यांनी १० एप्रिल १८७७ रोजी सैनिक हलवले आणि दुसऱ्याच दिवशी चेंबरलेन पायउतार झाले.

विद्यापीठ त्याच वर्षी बंद केलं गेलं आणि तीन वर्षांनी उघडलं ते फक्त गोऱ्यांसाठी. न्यायमूर्ती राइट यांना पद सोडावं लागलं. १८८२ मध्ये ‘आठ पेट्यांचा कायदा’ आला. प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी, आणि चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. ज्याला वाचता येत नाही त्याचं मत घालवण्याची ही सरळ व्यवस्था होती. १८९५ च्या घटना परिषदेत १६० पैकी सहाच प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. स्मॉल्स आणि व्हिपर त्यांत होते आणि दोघेही शेवटपर्यंत भांडले. तरीही साक्षरतेची किंवा ३०० डॉलर मालमत्तेची अट आणि मतदानासाठी कर, असं सगळं त्या घटनेत आलं. १९०२ नंतर प्रतिनिधीगृहात एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही. पुढचे तिघे, हर्बर्ट फील्डिंग, जेम्स फेल्डर आणि आय. एस. लीव्ही जॉन्सन, निवडून आले ते १९७० मध्ये, आणि तोवर पक्षांच्या भूमिका इतक्या बदलल्या होत्या की तिघेही डेमोक्रॅट होते.