एफआय-सीओ: एका प्रणालीत दोन वह्या का होत्या?

ईआरपीचा, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, इतिहास सांगताना एमआरपीपासून (कच्च्या मालाची गरज ठरवणाऱ्या प्रणालींपासून) सुरुवात करण्याची प्रथा आहे. सॅपच्या ईआरपीत एफआय (आर्थिक हिशेब) आणि सीओ (खर्च नियंत्रण) या दोन मॉड्यूलच्या वह्या वेगळ्या का होत्या, एवढ्यापुरते १९९२ पुरे. त्या वर्षी आलेल्या सॅपच्या आर/३ चे मॉड्यूल हवे तेवढेच घ्यावेत, असे विक्रेते सांगत. पण ते कधीच खऱ्या अर्थाने सुटे नव्हते, कारण सगळ्यांखालचा डेटाबेस एकच होता. स्टोअर्सने माल आल्याची नोंद केली की त्याच क्षणी स्टॉक डेबिट आणि जीआर/आयआर खाते (माल आला पण बिल यायचे आहे, अशा रकमांचे तात्पुरते खाते) क्रेडिट. पुरवठादाराचे बिल आले की जीआर/आयआर मिटायचे, आणि मधली जर्नल एन्ट्री कोणालाच हाताने टाकावी लागत नसे. वायटूकेच्या (२००० साल लागताच संगणकातल्या तारखा चुकण्याच्या) धास्तीने अनेक कंपन्यांनी जुन्या प्रणाली दुरुस्त करण्याऐवजी हेच विकत घेतले.

गुंता झाला तो एफआय आणि सीओ यांच्यात. बाहेरच्यांना दाखवायचा हिशेब एफआयमध्ये आणि आतल्या खर्चाचा सीओमध्ये, अशी ही विभागणी जर्मन हिशेबपद्धतीतून आली होती. त्यामुळे नफा-तोटा पत्रकातल्या खर्चाच्या खात्यासाठी सीओमध्ये वेगळा कॉस्ट एलिमेंट, म्हणजे त्याच खर्चाचे सीओतले खाते, उघडावा लागे. एका कॉस्ट सेंटरचा (विभागाचा) खर्च दुसरीकडे वाटला आणि ती वाटणी दुसऱ्या कंपनी कोडमध्ये (समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या हिशेबात) गेली, तर एफआयला त्याचा पत्ताच नसे. मग महिनाअखेरीस दोन्ही वह्या जुळवणारा रिकन्सिलिएशन लेजर चालवायचा आणि फरक शोधत बसायचे. २००४ च्या सुमारास आलेल्या नव्या जीएलमध्ये (जनरल लेजर, मुख्य खातेवहीमध्ये) ही नोंद लगेच करण्याची सोय झाली, पण ती ऐच्छिक होती.

या रचनेच्या बाजूनेही बोलता येते. अंतर्गत वाटपाच्या हजारो ओळी वैधानिक वहीत नकोत, हे कोणताही ऑडिटर मान्य करील. तरीही एकात्मिक म्हणून विकलेल्या प्रणालीत घरचीच दोन मॉड्यूल दर महिन्याला जुळवावी लागत, हे विक्रीच्या सादरीकरणात सहसा नसायचे.

२०१५ च्या एस/४हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीत दोन्ही वह्या अॅकडोका या एकाच टेबलात आल्या. कॉस्ट एलिमेंट हा जीएल खात्याचाच एक प्रकार ठरला. जुनी टेबले वाचणारे झेड-प्रोग्रॅम (कंपन्यांनी स्वतः लिहून घेतलेले) बरेचसे चालत राहिले. त्या टेबलांत थेट लिहिणारे अडले.

गंमत म्हणजे आत ही भिंत पडत असताना बाहेर नव्या उभ्या राहत होत्या. २०१२ ते २०१४ च्या दरम्यान त्याच विक्रेत्याने मनुष्यबळ, खरेदी आणि प्रवासखर्चाची क्लाउड उत्पादने विकत घेतली. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, म्हणजे पुन्हा त्यांना जोडणारे इंटरफेस आणि मिडलवेअर. भारतात तर एसडीचे (विक्री मॉड्यूलचे) बिलही आता आतल्या आत पूर्ण होत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइसचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) सरकारी पोर्टलवरून घ्यावा लागला. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली.

एस/४हानाच्या आधीच्या जुन्या आवृत्तीच्या देखभालीची २०२५ ची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये २०२७ पर्यंत वाढवली गेली. जादा पैसे भरणाऱ्यांना २०३०. जुना डेटा घेऊन नव्या आवृत्तीत जाणाऱ्यांना आधी एफआय-सीओच्या नोंदी तपासून घ्याव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे महिनाअखेरीला पुढे ढकललेले फरक नेमके तिथे वर येतात.