इंग्लंडमधल्या मध्ययुगीन कोरीव स्मारकशिला आणि कुलचिन्हं

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, गेलात तर आधी खाली बघा. फरशीत बसवलेला एखादा लांबलचक दगड असतो, त्यावर झोपलेल्या माणसाची आकृती नुसत्या रेघांनी खोदलेली असते, हात जोडलेले, कडेने लॅटिन मजकूर आणि डोक्याशी किंवा पायाशी कुलचिन्हांच्या, म्हणजे घराण्याच्या खुणांच्या, ढाली. हीच कोरीव स्मारकशिला. यात आकृती उठावाची नसते, रेघ दगडात खोल जाते आणि त्या खाचेत डांबरासारखं काळं मिश्रण भरायचे म्हणजे चित्र उठून दिसायचं. पितळी पत्र्याची स्मारकं पण याच घराण्यातली, फक्त तिथे पत्रा कोरून तो दगडात बसवायचे.

दगड जिथे जो मिळेल तो. डर्बीशायर, स्टॅफर्डशायर भागात अॅलाबास्टर नावाचा दगड भरपूर, चेलास्टनच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध होत्या. हा दगड कोरायला अगदी सोपा पण इतका मऊ की नखानेसुद्धा ओरखडा पडतो, आणि असला दगड लोकांच्या पायाखाली, मग काय होणार, कित्येक शिलांवर आता चेहराच उरलेला नाही. काही शिला समुद्रापलीकडून यायच्या. लिंकनशायरमधल्या बॉस्टनच्या सेंट बॉटॉल्फ चर्चमध्ये विसेलस स्मालेनबर्गची काळ्या दगडाची शिला आहे, हा जर्मनीतल्या म्यून्स्टरचा व्यापारी, 1340 मध्ये वारला, आणि आपल्या गावापासून इतक्या लांब त्याचं नाव आजही वाचता येतं.

कडेचा मजकूर बहुतेकदा ‘इथे अमुक पुरला आहे’ असा सुरू होतो आणि ‘देव त्याच्या आत्म्यावर दया करो’ असा संपतो. म्हणजे वाचणाऱ्याने जाता जाता मेलेल्यासाठी प्रार्थना करावी ही विनंती असायची. पण हा कोण, कुठल्या घराण्यातला, कोणाशी सोयरीक, हे ढालच सांगायची. ढाल उभी दुभागलेली असेल तर एका अर्ध्यात नवऱ्याचं चिन्ह आणि दुसऱ्यात बायकोच्या माहेरचं. उजवी-डावी बाजू मात्र ढाल धरणाऱ्याची मोजायची, बघणाऱ्याची नाही, इथे नवखा माणूस हमखास फसतो.

खरी अडचण रंगाची. कुलचिन्हात रंग हा अर्धा अर्थ असतो आणि खोदलेल्या रेघेत रंग नसतो, तो वर लावलेला असतो आणि तोच आधी उडतो. रेघांच्या दिशेवरून रंग ओळखायची पद्धत 17व्या शतकातली, मध्ययुगीन शिलेला ती लावून उपयोग नाही. निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा नेमका कोणाचा यावर 1385 मध्ये रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोन सरदारांत दावा सुरू झाला, शेकडो साक्षी झाल्या, कवी जेफ्री चॉसरनेही साक्ष दिली, आणि चर्चच्या खिडक्या, थडगी यांच्यावरची चिन्हं पुरावा म्हणून सांगितली गेली. 1390 मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने गेला. थडग्यावरची ढाल शोभेची नव्हती, कोर्टात चालणारा कागद होता म्हणा ना.

ढाली कोरलेले थडग्यांचे दगड बघायला इंग्लंडलाच जायला पाहिजे असं नाही, जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांचे आहेत.

पुढे धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे 16व्या शतकात इंग्लंड प्रोटेस्टंट झालं तेव्हा, मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा मजकूर खटकायला लागला, स्मारकांची तोडफोड झाली, शेवटी 1560 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीला ती थांबवायचा हुकूम काढावा लागला. आज काही चर्चमध्ये या शिला फरशीतून काढून भिंतीला उभ्या केल्यात, काहींवर गालिचा असतो. तिथे सांभाळणाऱ्याला विचारून गालिचा उचलायचा आणि टॉर्च दगडाला जवळपास टेकवून आडवा धरायचा, समोरून काही न दिसणारी रेघ सावलीमुळे उमटते, आधी जोडलेली बोटं, मग ढालीची कड.